अंगठ्याजवळची खाच

खानापुरात स्टेशनाकडून उतरलं की
कौलाच्या कारखान्याची बंद चिमणी,
आणि तिच्या अल्याड लुमाण्णाची शेड.
आत दिवा नाही. लावायचा कुणासाठी?
दारात पाय ठेवला की तो आधी माझ्या चपला ऐकतो,
मग म्हणतो, "ये गा पेंटर,
आज टर्पेंटाइन कमी, घाम जास्त."

मी पाट्या रंगवतो.
गेल्या साली एकाच किराणा दुकानाची पाटी तीनदा केली :
वर कोण, खाली कोण, अक्षर किती इंचाचं.
पत्र्याची कापलेली अक्षरं त्याच्या मांडीवर ठेवली एकदा,
त्यानं दोन्हीकडचे ळ चाचपले
आणि हसत बसला. कशाला, ते सांगितलं नाही.

छत्तिसाव्या वर्षी त्याची नजर गेली.
आधी कडा गेल्या, मग शेजारी बसलेला माणूस,
मग ताटातली भाजी.
शेवटी एक नाण्याएवढं भोक उरलं होतं,
त्यातून तो सोंडेचं वळण बघायचा.
त्या साली मूर्तींचे डोळे मी काढले.
पुढच्या साली गिऱ्हाईकंच आली नाहीत.
आंधळ्याच्या हातचा देव घरात कसा न्यायचा?

दोन वर्षं तो दुसऱ्यांची माती तुडवत होता.
मलप्रभेची माती, चाळलेली, कापूस घातलेली.
"पायांनी शिकलो," म्हणतो,
"हातांना उगाच गुरू समजत होतो."
पलीकडची बसव्वा कन्नडात बोलते.
तिच्याकडून दोन शब्द उचललेत त्यानं :
मातीला मण्णु, डोळ्याला कण्णु.
"एका अक्षराचा तर फरक," म्हणतो,
"तेवढा मी चालवून घेतोय की."

मग निपाणीहून शिंत्रे आले,
बायकोचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून.
ताराक्काला जाऊन सात महिने झालेले.
तोंड पाहिजे म्हणाले, छातीपर्यंत, पदरासकट.
लुमाण्णानं फ्रेम हातात घेऊन वजन बघितलं.
"काच चांगली हाय," म्हणाला, आणि परत दिली.
"ती दिवसभर काय धरत होती, ते आणा."

पुढच्या बाजाराला पिशवी आली.
तंबाखूचा वास मुरलेलं सूप,
पानं कापायचा पत्रा, एक कोपरा झिजून गोल झालेला,
आणि कात्री.
कात्रीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती.
चिंधीवर त्याची बोटं थांबली.
मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, तरी ती तिथंच.
"डावरी होती काय?"
शिंत्रे गप्प.
चाळीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस
आठवत बसला.
"होय," म्हणाला. "होय की. डावरी होती."

अकरा दिवस लागले.
तोंड केलंच नाही त्यानं.
दोन हात केले, कोपरापासून खाली, मांडीवर सूप असल्यासारखे.
डाव्या अंगठ्याचं नख लांब, पान दुमडायला ठेवलेलं.
उजव्या तर्जनीला दोऱ्यानं पडलेला चर.
आणि अंगठ्याजवळ एक खाच,
जी पिशवीतल्या कुठल्याच वस्तूत नव्हती.

शिंत्रेंनी चष्मा काढून खिशात ठेवला,
डोळे मिटले आणि हात लावला.
खाचेपाशी आले तसं तोंडातल्या तोंडात मोजायला लागले,
पंचवीस झाल्या की थांबायचे, कट्टा बाजूला ठेवल्यागत,
आणि पुन्हा एकपासून.

"अजून ओलंय," लुमाण्णा म्हणाला, "आठ दिवस सावलीत वाळू दे, तडकेल."
ऐकलं नाहीत.
ओल्या पंच्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन
साडेचारच्या लाल गाडीत बसले.
पैसे द्यायचे राहिले. मागायचेही राहिले.

"ती खाच कुठनं आली गा?" मी विचारलं.
तो बादलीत हात धूत होता.
"माझ्या आईला होती," म्हणाला.
"म्हटलं, हिलापण असंल."

मी डोळ्यांसाठी बारका ब्रश धुऊन आणला होता.
त्याचं काही काम निघालं नाही.